आवाज आहे तेवढाच आहे

बबन, तुझ्या दहाव्याला माईक होता, पण तो धरायला माणूस नव्हता.

नदीकाठी मंडप घातला होता. प्रवचनकार महाराज वेळेवर आले. पाहुणे आले, पुढारी आले, सतरंज्या भरल्या. माईकचा दांडा मधोमध उभा होता आणि त्याच्याकडे कोणी जात नव्हतं. मावळात दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात आणि ती लावून द्यायला एक माणूस लागतो. कोणाला आधी बोलवायचं, कोणाला टाळायचं, कोणाचं भाषण कुठे थांबवायचं, हे त्याने बघायचं असतं. कान्ह्यापासून मळवलीपर्यंत इतकी वर्षं हे काम तूच करत होतास. त्यामुळे तुझ्या वेळी काय करायचं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रेखाने माझ्याकडे पाहिलं. तुझी मुलगी कधी मोठ्याने काही मागत नाही, नुसतं बघते. मी मान हलवली. माझं काम लिहिण्याचं आहे, चार माणसांपुढे बोलण्याचं नाही. तुला हे माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तरी ती बघत राहिली.

माईक शेवटी कोणी घेतला, ते पुढे सांगतो.

दहाव्यात तुझा एक नियम होता. गेलेल्या माणसाचा एक तरी दोष तू माईकवरून सांगायचास. मी तुला विचारलं होतं, असं का करतोस. तू म्हणालास, "समदे गुण सांगितले तर माणूस वळखू येत न्हाई. कुणाचंबी नाव घाल, चालतंय." म्हणून गावच्या पाटलांच्या दहाव्याला तू सांगितलंस की पाटील पत्त्यात फसवायचे, आणि पाटलांच्या घरचे डोळे पुसता पुसता हसले. एका साहेबांचं भाषण लांबलं तेव्हा तू त्यांच्या कानाशी जाऊन, पण माईक हातातच ठेवून म्हणालास, "साहेब, कावळा ताटकळलाय, जरा आवरतं घ्या." हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. बातमीत लिहिलं नाही.

तुझा दोष मला आधीपासून ठाऊक होता. तुला मत लागायचं. माहिती देऊन तुझं भागत नसे. अमुक असं म्हणाले, तमुक तसं म्हणाले, एवढं सांगून मी थांबलो की तू म्हणायचास, "आन् तू?"

पहिली भेटही त्याच कारणाने झाली. मी नवा होतो. तालुक्यातल्या एका यात्रेत बैलगाडा शर्यतीची बातमी करायला मला पाठवलं होतं. मी लिहिलं, 'निवेदकाने आपल्या खास शैलीत रंगत आणली.' दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानावरच्या आमच्या एका खोलीच्या ऑफिसात तू जिना चढून आलास. पांढरा सदरा, टोपी, हातात पेपर. "हे निवेदक कोण?" तू विचारलंस. मी म्हणालो, शर्यतीत माईकवर जे होते ते. "ते मी. नाव न्हाई का मला?" मी दिलगिरी व्यक्त केली. तू खुर्ची ओढून बसलास. "नावाचं ऱ्हाऊ दे. रंगत आणली म्हंजे काय? बरं व्हतं का वाईट?" मी म्हणालो, लोकांना आवडलं. "लोकांचं मला कळतंय, मी तितंच व्हतो. तुला?"

मी तेव्हा काय उत्तर दिलं, ते आठवत नाही. बहुधा दिलंच नसावं.

तुझी ती शैली कुठून आली, हे मला पुढे कळलं. एक नट आपल्या दोघांच्या तरुणपणी हेराच्या भूमिका करायचा. सिनेमे वेगवेगळे, पण हेर एकच, कॅप्टन. तू ते सगळे पाहिले होतेस आणि मीही. कॅप्टन संकटात सापडला की आवाज चढवायचा नाही, उलट शब्द भराभर आणि स्वच्छ टाकायचा. तू तेच घाटावर, शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, आणलंस. गाडा सुटला की वरच्या रेषेपर्यंत पोचेस्तोवर मालकाचं नाव, गावाचं नाव, चारही बैलांची नावं आणि पुढे धावणाऱ्या घोडीच्या स्वाराचं नाव तू एका दमात घ्यायचास, आणि शेवटचा शब्द निशाण पडताना टाकायचास. तुझ्या दमात तो कॅप्टन होता, तरी आवाज तुझाच होता. तुझ्या थोरल्या भावाने खोंड घेतला तेव्हा त्याचं नाव कॅप्टन ठेवायला लावलंस. तो बैल पुढे पळाला नाही. तुझ्या भावाने त्याचं खापर नावावर फोडलं आणि तुझ्याशी भातलावणी होईपर्यंत बोलला नाही.

नव्या सिनेमाला आपण बरोबर जायचो. परत येताना भांडायचो. तुझं म्हणणं, कॅप्टन खरा वाटतो. माझं म्हणणं, हेर असा नसतो, सगळ्यांच्या नजरेत भरणारा हेर काय कामाचा. "मंग सिनेमात हिरो कशाला घ्यायचा, तुलाच घ्यायचा," तू म्हणायचास. "तुझ्याकडं कुणी बघतच न्हाई."

मग शर्यती बंद झाल्या. कोर्टात काय चाललं होतं ते मी बातमीत लिहीत राहिलो. तुझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच की यात्रा यायची आणि तुला बोलावणं यायचं नाही. तू मळवलीत एका मुंबईकराच्या बंगल्याची राखण धरलीस. सकाळी झाडांना पाणी, दुपारी आपल्या खाचरात, शनिवार-रविवारी मालक आले की गेटवर. याच वर्षांत तुझ्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण स्वरतंतूला धक्का लागला. डॉक्टरांनी सांगितलं, बोला, पण ओरडू नका. दहाव्याची भाषणं लावून देण्याइतका आवाज उरला. घाटाचा गेला.

शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा माईक सागरच्या हातात होता. शेजारच्या गावचा, तिशीचा पोरगा. त्याच्याकडे स्वतःचे स्पीकर, प्रत्येक गाड्यामागे वाजवायला संगीताचा तुकडा, मोबाईलवर त्याच्या समालोचनाचे व्हिडिओ. लोकांना तो आवडत होता. तू त्याला एकदाच ऐकलंस आणि म्हणालास, "बैल बुजत न्हाईत हे बैलांचं मोठेपण." सागरला ते कळलं. तो तुला भेटल्यावर वाकून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "भाऊ, बैल बरे आहेत, तुमची आठवण काढतात." तू त्याला "ये की रं" म्हणायचास आणि चहा पाजायचास.

यंदा दोन गोष्टी एका महिन्यात आल्या. तो नट बऱ्याच वर्षांनी पुन्हा कॅप्टनच्या भूमिकेत येणार अशी जाहिरात आली. आणि तुमच्या गावच्या यात्रा कमिटीने तुला विचारलं की भाऊ, पहिल्या दिवशी सकाळी थोडा वेळ माईक घेणार का.

बंगल्याच्या पायरीवर बसून आपण हे बोललो. रेखा डबा घेऊन आली होती. ती अंगणवाडीत शिकवते, तिचा आवाज वर्गातला आहे. ती म्हणाली, "काका, तुमी सांगा आबांना. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्यांना पाठ आहे, तरी."

"मी ओरडणार न्हाई," तू म्हणालास.

"घाटावर न ओरडता काय करणार? कानात सांगणार लोकांच्या?"

"बगू."

"बगू म्हंजे हो म्हणून टाकलंय," रेखा मला म्हणाली. "आवाज गेला त्याचं मला काही न्हाई, काका. घरात ऐकू येतंय तेवढं बास आहे. पण चार पोरं हसली तर हे महिनाभर जेवायचे न्हाईत. मला माहिती आहे."

हे खरं होतं. तू नाकारलं नाहीस. भाकरी मोडत तू म्हणालास, "आदी कॅप्टनचं बगू. त्येला लोकं काय म्हंतात ते बगू. मंग सांगतो कमिटीला."

मी म्हणालो, त्याचा आणि तुझा काय संबंध. तू म्हणालास, "तो माझ्यापरीस मोठा हाय वयानं."

तळेगावच्या थिएटरात आपण दुपारच्या खेळाला गेलो. मी कामावर होतो. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेऊन यायचं होतं. तू तिकीट काढून आला होतास, तरी सिनेमाभर तुझं अर्धं लक्ष पडद्याकडे आणि अर्धं खुर्च्यांकडे होतं. कोण हसतंय, कोण मोबाईल काढतंय, कोण उठून जातंय.

सिनेमात कॅप्टन निवृत्त झालेला असतो आणि त्याला परत बोलावतात. मग तो इमारतींवरून उड्या मारतो, पाण्याखाली मारामारी करतो, आणि मध्येच जुन्या आठवणी येतात तेव्हा संगणकाने त्याचा चेहरा तरुण केलेला असतो. मध्यंतरानंतर एक प्रसंग होता. एका डोंगरगावात चहाच्या टपरीवर तो कोणाची तरी वाट बघत बसतो. बोलत काही नाही. कप उचलताना उजवा हात थरथरतो, म्हणून तो डावा हात त्याच्यावर ठेवतो आणि चहा पितो. बस्स, एवढाच प्रसंग. तेवढ्यात बरेच लोक पॉपकॉर्न आणायला उठले. तू पुढे झुकलास. समोरून जाणाऱ्या माणसाला हाताने बाजूला केलंस.

बाहेर आल्यावर मी माणसं गाठली. कॉलेजची पोरं म्हणाली, "काका, आजोबांना पळवलं कशाला? गुडघ्याची काळजी वाटत होती आम्हाला." एका बाई आईला घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, तो नुसता उभा राहिला तरी आमचं समाधान आहे, आम्ही त्याच्यासाठीच आलो. त्यांची आई म्हणाली, "पूर्वी किती गोड दिसायचा." एक गृहस्थ म्हणाले, माणसाने वेळीच थांबावं, लोकांनी थांबवायची वेळ आणू नये. एक मुलगी म्हणाली, जुने सिनेमे मी पाहिलेच नाहीत, त्यामुळे मला काही तुलना नाही, मला आवडला.

तू सगळ्यांचं ऐकत भिंतीला टेकून उभा होतास. मी शेवटी तुझ्याकडे आलो. नाव, असं म्हणालो. सवयीने.

"नाव नको," तू म्हणालास. "लिही, निवेदक म्हणाला."

"काय म्हणाला?"

"टपरीवर बसला व्हता तेवढा खरा. बाकी समदं पोरांचं उसनं."

हे मी तसंच दिलं आणि ते तसंच छापून आलं, शेवटच्या ओळीत. बातमीवर मथळा होता, 'ज्येष्ठ अभिनेत्याच्या पुनरागमनावर संमिश्र प्रतिक्रिया'. सकाळी तुझा फोन आला.

"संमिश्र म्हंजे काय रं? भेळ हाय का?"

मी म्हणालो, काहींना आवडला, काहींना नाही आवडला.

"आन् तुला?"

"माझं मत बातमीत येत नसतं."

"बातमी कोण मागतंय? फोनवर इचारतोय."

मी सांगितलं. सिनेमा वाईट आहे. त्याने तो करायला नको होता. टपरीचा प्रसंग चांगला आहे, पण एका प्रसंगासाठी कोणी अख्खा सिनेमा करत नाही.

मागे बंगल्याच्या पंपाचा आवाज येत होता. मग म्हणालास, "मंग मी बी कमिटीला नको म्हणू, व्हय?"

"तू सिनेमाचं विचारलंस, मी सिनेमाचं सांगितलं."

"व्हय का," तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

मला वाटलं, तू नाही म्हणून कळवशील. संध्याकाळी कमिटीच्या एका माणसाकडून कळलं की तू हो म्हणालास, आणि वर एक खुर्ची मागितलीस.

खुर्चीचं कोणाला कळलं नाही. घाटावर तू कधी बसला नव्हतास. जन्मभर मंचाच्या कडेला एक पाय पुढे टाकून उभा राहिलास.

यात्रेच्या दिवशी सकाळी तू मंचावर चढलास तेव्हा टाळ्या पडल्या. जुनी माणसं उभी राहिली. सागर तुझ्या शेजारी होता, दुसरा माईक घेऊन. तू पहिल्या गाड्याला जुन्या पद्धतीने सुरुवात केलीस. उभा राहून, पाय पुढे टाकून. मालकाच्या नावापर्यंत आवाज आला. गावाच्या नावावर तो फाटला. बैलांची नावं आलीच नाहीत. गाडा वर पोचला तेव्हा स्पीकरमधून नुसती खरखर येत होती. खालच्या अंगाला पोरं हसली. कोणीतरी शिट्टी मारली. सागरने हात पुढे केला. मला तो वाईट वाटला नाही, तो मदतीचाच हात होता. तू माईक दिला नाहीस.

रेखा बायकांच्या बाजूला उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

तू खुर्ची पुढे ओढलीस आणि बसलास. संगीत लावणाऱ्या पोराला म्हणालास, "ते बंद कर." मग डावा हात माईक धरलेल्या उजव्या हातावर ठेवलास. माईक तोंडाच्या अगदी जवळ आणलास आणि घरात बोलतात तसं बोलायला लागलास. आता कोणाचा गाडा येतो, मालक कोण, बैल कुठले. थोरला बैल गेल्या साली आजारी होता, आता बरा आहे. घोडीवर मालकाचा भाचा आहे, पहिल्यांदाच बसलाय, सांभाळून घ्या.

मागून आरोळ्या आल्या. "आवाज वाढवा. ऐकू येत न्हाई."

तू थांबलास. मग म्हणालास, "आवाज हाय तेवढाच हाय. ऐकू येत नसंल त्यानी म्होरं यावं."

काही लोक पुढे आले. बरेच आले नाहीत.

गाडा सुटला तेव्हा तू बोललाच नाहीस. गाडा निम्म्या घाटात असताना मला पहिल्यांदा बैलांच्या खुरांचा आवाज ऐकू आला. इतकी वर्षं शर्यतीच्या बातम्या करत होतो, पण तो आवाज माझ्या कानावर कधी पडलाच नव्हता, कारण त्याच्यावर नेहमी तुझा किंवा सागरचा आवाज असायचा. बैल पळताना नाकातून हवा सोडतात ती ऐकू आली. निशाण पडलं. मग तू एकच शब्द म्हणालास, "पोचला."

अशी सकाळ गेली. जेवणाच्या वेळी कमिटीने माईक सागरकडे दिला. ठरलं तसंच होतं, की सकाळचं बघून ठरवलं, हे मी विचारलं तर दोन्ही उत्तरं मिळाली.

मी सवयीने माणसं गाठली. एक पोरगा म्हणाला, "म्हातारं मधनंमधनं झोपत व्हतं काय?" तुझ्या वयाचा एक माणूस म्हणाला, "आज गाडा दिसला. एरवी नुस्ता ऐकू येतोय." ज्याचा गाडा पहिल्या क्रमांकात आला तो मालक रागावला होता. त्याच्या बैलांचं नाव गाजलं नाही. "वर्षभर खाऊ घातलं, आन् भाऊ म्हंतात पोचला. पोचायला एस्टी हाय का ती?" मला हसू आलं, पण त्याचं दुःख खरं होतं. एक बाई म्हणाल्या, लेकराला मांडीवर झोप लागली, एरवी स्पीकरने लागत नाही. ही स्तुती की तक्रार, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

तू जांभळीखाली बसला होतास. रेखाने तुला गरम पाणी दिलं होतं. मी आलो तसं तू म्हणालास, "सांग."

मी म्हणालो, "लोकांचं म्हणणं असं की…"

"लोकांचं मला वरून दिसलं. आमचा मंच उंच असतो. तू सांग."

मला सांगता आलं नाही, बबन. टाळत नव्हतो, खरंच माहीत नव्हतं. पहिला गाडा मी विसरू शकत नव्हतो, ती खरखर. आणि नंतरचंही विसरू शकत नव्हतो. दोन्ही एकाच माणसाचं होतं आणि एकाच सकाळचं. माझ्या हातात एकच शब्द होता, तोच, मथळ्यातला, आणि तो तुला चालणार नाही हे मला माहीत होतं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, बातमी कधी पाठवताय. मी म्हणालो, निवांत बोलू. तू म्हणालास, "बोलू की. कुटं पळून चाललोय."

तू जेवलास. रेखाने ते मला नंतर मुद्दाम सांगितलं. त्या दिवशी जेवलास आणि दुसऱ्या दिवशीही जेवलास. पोरं हसली होती, तरी.

पुढे दोन-तीनदा आपण बोललो. भाताचं बियाणं, बंगल्याच्या मालकाचा कुत्रा, डॉक्टरांची तारीख. घाटाचा विषय तू काढला नाहीस. मला वाटलं, तू वाट बघतोयस. कदाचित तू विसरलाही असशील. यातलं कोणतं खरं, ते आता ठरवता येत नाही.

रोपासाठी वाफे करून तू दुपारी घरी आलास, पडतो जरा म्हणालास आणि उठला नाहीस. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. रेखाचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कोणाच्या तरी बातमीत होतो. तिने फक्त "काका" म्हटलं. तिच्या आवाजावरून मला कळलं.

तर दहाव्याचं सांगत होतो. महाराजांचं प्रवचन संपलं. माईक तसाच उभा होता. पुढारी एकमेकांकडे बघत होते, त्यांच्यातल्या कोणी उठून सुरुवात केली असती तर दुसऱ्याला राग आला असता. या अडचणी तू कशा सोडवायचास, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मग मागून सागर उठला. चप्पल काढून सतरंजीवरून पुढे आला. वाटेत माझ्यापाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "काका, भाऊंचा एक दोष सांगा. मला धड माहीत नाही. आणि तो सांगितल्याशिवाय चालणार नाही."

मी सांगितला.

सागर माईकपाशी गेला. त्याला मी घाटावर अनेकदा ऐकलं आहे. त्याचा आवाज मोठा आहे, नदीच्या पलीकडे गेला असता. पण त्याने माईक दांड्यावरून काढला, तोंडाजवळ धरला आणि घरात बोलावं तसा बोलायला लागला. बबनभाऊ कुठे जन्मले, काय केलं, यातलं काही सांगितलं नाही. म्हणाला, मी घाटावर आलो तेव्हा भाऊंनी मला चहा पाजला आणि माझ्याबद्दल एक वाईट वाक्य बोलले, ते दोन्ही मी अजून जपून ठेवलंय.

मागे मंडपाबाहेर उभी असलेली माणसं ओरडली, आवाज येत नाही.

सागर थांबला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. स्पीकरवाला बटणाकडे हात नेत होता, त्याला सागरने नको म्हणून खूण केली. "ऐकू येत नसेल त्यांनी पुढे यावं," तो म्हणाला.

आणि बबन, माणसं पुढे आली. चपला हातात घेऊन, एकमेकांना वाट देत, बायका-पुरुष मिसळून, सतरंजीच्या कडेपर्यंत. ज्या मालकाच्या बैलांचं नाव गाजलं नव्हतं तो अगदी पुढे येऊन मांडी घालून बसला. मंडपात सागरच्या आवाजाखाली नदीचा आवाज येत होता.

मग सागर म्हणाला, "भाऊंचा एक दोष व्हता. उत्तर मिळाल्याबिगर ते माणसाला सोडत न्हवते." लोक हसले. रेखा हसली. हसताना तिने माझ्याकडे पाहिलं.

पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माणसं हायसं वाटून उठली. कोणी म्हणालं, भाऊंचं काही राहिलं नव्हतं, सुखी माणूस. तू कोणाला ताटकळत ठेवणारा नव्हतास, कावळ्यालाही नाही. त्यावरून काही राहिलं नव्हतं असं सिद्ध होत नाही.

तुझा प्रश्न राहिला होता. आता माझ्यापाशी उत्तर आहे. तू गेलास म्हणून ते गोड करून देत नाही. तुझाच नियम आहे.

सिनेमाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तो वाईट होता. त्या नटाने टपरीवर बसून राहायला हवं होतं आणि इमारतींवर चढायला नको होतं. तू असतास तर म्हणाला असतास, चढल्याबिगर टपरी कशी येणार. त्यावर आपण मळवली स्टेशनपर्यंत भांडलो असतो. हे भांडण मी संपलं असं समजत नाही.

घाटाचं सांगतो. तुझा आवाज गेला होता. पहिला गाडा तू त्या पद्धतीने घ्यायला नको होतास, रेखाचं बरोबर होतं. जे मागे उभे होते त्यांना ऐकू आलं नाही, त्यांची तक्रार खरी आहे आणि मी ती बातमीत दिली.

तू पुढे या म्हणालास तेव्हा काही लोक पुढे आले, असं मी वर लिहिलं आहे. त्यात मी होतो. पत्रकारांची जागा सोडून दोरीपाशी येऊन उभा राहिलो होतो. तुझं लक्ष घाटाकडे होतं, तुला दिसलो नसेन.

मला सगळं ऐकू आलं.